आत्या बसली, खुर्ची टिकली

कसोटीच्या दिवशी बसणाऱ्याला दोनदा जेवू घालायचे, हा त्या घरातला नियम पणजोबांच्या काळापासूनचा. पणजोबांनी खुर्च्यांचा कारखाना काढला तेव्हा त्यांच्याकडे हत्यारे बेताची आणि वजन मात्र उदंड होते. ते शिडीवर पाय ठेवत तेव्हा ते वर जाण्याऐवजी शिडीच खाली जायची. एकदा ते बाकाच्या या टोकाला बसले, तर त्या टोकाला बसलेला टपालवाला थेट माळ्यावर सापडला. आणि वरून फार छान दिसते म्हणून जेवणाच्या वेळेपर्यंत उतरायलाच तयार होईना. त्या दिवशी पणजोबांना अक्कल सुचली, की आपण बसल्यावर जी मोडत नाही तीच खुर्ची विकायची.

तेव्हापासून घरातले जे माणूस सगळ्यांत जड, ते कसोटीला बसायचे. पणजोबांनंतर आजी बसली, आजीनंतर एक चुलतआजोबा बसले, आणि त्यांच्यामागून आजतागायत आत्या. ती खरे तर आता कारखाना चालवणाऱ्या थोरल्यांची पाठची बहीण आणि धाकट्या भावाची ताई. पण मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून सख्खे भाऊही तिला आत्याच म्हणू लागले होते. नवरा गेल्यावर एक पेटी घेऊन ती माहेरी आली, वरच्या खोलीत राहू लागली, आणि खालची कसोटीची खुर्ची पुढे यथावकाश तिच्याकडे चालून आली. दुकानाच्या पाटीवर कारखान्याचे नाव बारीक अक्षरांत होते. मोठ्या अक्षरांत होते ते एवढेच : 'आत्या बसली, खुर्ची टिकली.'

तर त्या दुपारी दुसरे जेवण चालू होते.

"वन्सं, आणखी एक बटाटा घ्या," मोठी वहिनी म्हणाली. ती थोरल्यांची बायको. स्वयंपाकघर हे तिचे राज्य आणि डाव हा तिचा राजदंड.

"घेतला की, वहिनी."

"घेतलात खरा. ताटात होता, आता नाही. पण तुमचं तोंड हललेलं काही मला दिसलं नाही."

"मऊ होता हो. नुसता दाखवला तरी विरघळला."

मोठी वहिनी खूष झाली आणि लोण्यात परतलेले आणखी दोन बटाटे आणायला वळली. तेवढ्यात पहिला बटाटा टेबलाखालून प्रवास करत धाकट्या भावाच्या हातात आणि तिथून त्याच्या तोंडात पोहोचला. या धाकट्याला घरात भोंगा म्हणत. तो कुजबुजला तरी शेजारची कुत्री उठून बसत. खाताना मात्र तो अगदी मौनव्रती असे. आत्याचे ताट असे त्याच्या पोटात रिकामे होऊ लागल्याला वर्ष होत आले होते, आणि त्याची भाबडी समजूत अशी, की हे सगळे धाकट्या भावाचे लाड आहेत.

समोर बसलेली धाकटी वहिनी हे पाहत होती. ती भोंग्याची बायको. कारखान्यात खुर्च्यांच्या गाद्या भरायची आणि त्यांचे कापड शिवायची. तिला एकीकडे हसू आवरत नव्हते आणि दुसरीकडे भीतीही वाटत होती. कारण एवढ्या उकाड्यात आत्याच्या अंगावर जो घोट्यापर्यंतचा जाड लोकरी कोट होता, तो तिनेच शिवला होता. आणि त्या कोटाच्या अस्तरात काय आहे हे घरात फक्त तिघींनाच ठाऊक होते.

त्याचे झाले असे. गेल्या वर्षी आत्या जिना चढता चढता मध्येच धापा टाकत पायरीवर बसली आणि म्हणाली, "ही पायरी पास." सगळे हसले. हसली नाही ती एकटी थोरल्यांची मुलगी. ती डॉक्टर होती. तिने दुसऱ्याच दिवशी आत्याला दवाखान्यात नेऊन तपासले. रक्तदाब चढलेला, रक्तातली साखर काठावर, गुडघे कुरकुरत होते, आणि झोपेचा तर पत्ताच नव्हता.

"आत्या," पुतणी म्हणाली, "आपल्या खुर्च्या काही मोडणार नाहीत. तू मोडशील."

आत्या तयार झाली, पण एका अटीवर : घरात कुणाला कळता कामा नये.

"का पण?"

"तुझे बाबा उठता-बसता काय म्हणतात? 'आत्या, तुझ्या बसण्यावर हे घर उभं आहे.' मग मी हलकी झाले की माझं इथं काय काम, सांग बघू? वरच्या खोलीत उद्या गाद्यांचा कापूस भरतील. आणि मी पेटी घेऊन कुठं जाऊ?"

पुतणीने लाख समजावले. पण आत्याने एकदा बसायचे ठरवले की तिला हलवणे कुणाच्या बापाला जमत नसे, आणि न बोलायचे ठरवले तरी तसेच. शेवटी धाकटी वहिनी मदतीला धावली. तिने कोट शिवला आणि त्याच्या अस्तराला आतून कप्पे केले. कारखान्यातल्या, घडीच्या खुर्च्यांच्या लोखंडी बिजागऱ्या त्यात एकेक करून उतरू लागल्या. आत्या जसजशी उतरत गेली, तसतशा कोटात बिजागऱ्या चढत गेल्या. त्या घरात वजनकाटा कधी आलाच नव्हता. काट्यावर विश्वास ठेवणे म्हणजे खुर्चीचा अपमान, असे पणजोबा म्हणत. त्यामुळे आत्या चालताना जमीन हादरते ना, एवढेच लोक बघत. जमीन चांगली हादरत होती.

"वन्सं, आता पुरे," धाकटी वहिनी घाईने म्हणाली. "ती नाटकघराची बाई येईल. चला, मी धरते."

"मला कशाला धरतेस?" आत्या पुटपुटली. "कोटाला धर. तो एकटा खाली जाईल."

खाली कारखान्यात थोरले येरझारा घालत होते. अंगाने अगदी वेताच्या काठीसारखे, कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा. मधोमध नव्या नमुन्याची खुर्ची मांडली होती : लाल कापड, गोल पाठ, दोन्ही बाजूंना वळणदार हात. शहरातले जुने नाटकघर नव्याने उघडणार होते, आणि त्याच्या सगळ्या खुर्च्यांचे काम मिळते की नाही, हे आजच्या कसोटीवर ठरणार होते.

थोरल्यांच्या मनाला मात्र दुसरीच टोचणी होती. वर्षभर कारखान्यातून बिजागऱ्या गायब होत होत्या. आधी त्यांनी उंदरांवर संशय घेतला. मग पिंजरा लावला. पिंजऱ्यात उंदीर आला नाही. पण दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्याच दाराची बिजागरी गेली. तेव्हापासून त्यांनी उंदरांचा धसका घेतला होता.

नाटकघराची मालकीण आली ती वाऱ्याच्या झोतासारखी. उंच, ऐसपैस बाई. हसली की आधी तिचे खांदे हसायचे आणि मग आवाज यायचा.

"कुठंय तुमची ती सुप्रसिद्ध आत्या?" तिने विचारले. "पाटी वाचून आले मी. म्हटलं, एवढ्या ऐटीत कोण बसतं ते बघू तरी."

"येतेच आहे," थोरले म्हणाले. "आमच्या आत्याची गोष्टच वेगळी. तिच्या बसण्यावर हे घर..."

जिन्यावरून खुळ्ळ, खुळ्ळ असा आवाज येऊ लागला.

"हा आवाज कसला?" मालकिणीने विचारले.

"गुडघे आहेत माझे," आत्या वरूनच म्हणाली.

"गुडघे माझेही वाजतात हो," मालकीण म्हणाली, "पण असे लोखंडी नाही वाजत."

धाकटी वहिनी मध्येच खोकली. भोंग्याने मोठ्याने स्वागत केले, त्याने खिडकीची काच थरथरली आणि त्या गडबडीत आवाजाचा विषय मागे पडला. मागोमाग पुतणीही दवाखान्यातून येऊन दाराशी उभी राहिली होती. तिने धाकट्या काकूकडे पाहिले. काकूने डोळे मिटून घेतले.

कसोटीची रीत ठरलेली होती. आधी धपकन बसायचे, मग मागे रेलायचे, शेवटी इकडून तिकडे डुलायचे. थोरल्यांनी हात वर केला. आत्या खुर्चीपुढे उभी राहिली, तिने श्वास घेतला आणि ती बसली.

खण्ण!

खुर्चीतून असा आवाज आजवर कधी आला नव्हता. थोरल्यांचा हात वरच राहिला.

"काय वाजलं? स्प्रिंग गेली का?"

भोंगा लगबगीने जमिनीवर आडवा झाला. आडवे व्हायला त्याला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागला. त्याने खुर्चीखाली मान घातली.

"दादा, खुर्चीला काही झालेलं नाही," त्याने खालून जाहीर केले. "पण आत्याचा कोट आहे ना, तो आपल्या पायांवर उभा आहे."

"शुद्धीवर आहेस का तू?"

"अरे, देवाशपथ! घेर जमिनीला टेकलाय आणि ताठ उभा आहे. हे बघ, ढकलला तरी हलत नाही."

त्याने घेर धरून ओढला. धाकटी वहिनी "अहो, नको!" म्हणेपर्यंत टाका उसवला. आधी एक बिजागरी पडली. मग दोन. मग अस्तराने हायच खाल्ली आणि कोटाच्या पोटातून बिजागऱ्यांचा असा काही धबधबा सुटला, की समोरच्या दुकानातला घड्याळजी बाहेर येऊन आकाशाकडे बघू लागला. मोठी वहिनी डाव घेऊनच धावत खाली आली. सगळे थांबले तेव्हा आत्या खुर्चीत तशीच बसली होती. फक्त कोट एकदम पोकळ झाला होता, आणि त्याच्या आत, पुष्कळ आत, आत्या होती.

"उंदीर," थोरले हताशपणे म्हणाले.

"उंदीर नाही, दादा. मीच ती," आत्या म्हणाली.

मग जे बोलायचे ते पुतणीनेच बोलून टाकले : तपासणी, जिना, कोट, सगळे. थोरले ऐकत गेले, आणि ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांपुढे वर्षभरातल्या खुर्च्या ओळीने उभ्या राहिल्या.

"म्हणजे वर्षभर आपण ज्या खुर्च्या पास केल्या," ते म्हणाले, "त्यांच्या कसोटीला लोखंड होतं जमिनीवर, आणि खुर्चीवर निम्मी आत्या?"

"निम्मी नाही काही," आत्या दुखावून म्हणाली. "अजून पुष्कळ आहे."

"भावजी, खुर्च्यांची काळजी करू नका," धाकटी वहिनी पुढे झाली. "कसोटी झाली की प्रत्येक खुर्चीवर मी मागाहून यांना बसवत होते. कापडाचं माप बघायचंय, जरा बसा, असं सांगून. एकही मोडली नाही."

"यांना म्हणजे कुणाला?"

"यांनाच की!" तिने नवऱ्याकडे बोट केले. "वर्षभर स्वतःचं ताटही जेवले आणि वन्संचंही. आज या घरात सगळ्यांत जड हेच आहेत. गेल्या हिवाळ्यातच त्यांनी वन्संना मागं टाकलं."

"मी?" भोंगा गरजला. "मी तर आहे तसाच आहे! आपले कपडेच हल्ली लहान शिवायला लागलेत."

"कपडे कोण शिवतं? मीच ना?"

भोंगा शर्टाची बटणे मोजू लागला. पण मोठ्या वहिनीचा चेहरा पडला होता. तिने डाव खाली घेतला.

"म्हणजे माझ्या हातचं वर्षभर टेबलाखाली गेलं," ती म्हणाली. "वन्सं, नको होतं तर तोंडानं सांगायचंत. मी काय तुम्हाला मारायला वाढत होते?"

"तसं नाही हो, वहिनी..."

"मग कसं? डॉक्टरीण बाई, तूच सांग गं. आईच्या बटाट्यांनीच आत्याची ही गत केली, असंच ना?"

"आई, मी असं कुठं म्हटलं? एकच कारण असतं तर एकच गोळी दिली असती आणि मोकळी झाले असते."

"कारण काही नाही, आपल्या घराण्याचं हाडच रुंद," थोरले म्हणाले. "पणजोबा बघ. आजी नावेत बसायची तर नदी रस्त्यावर यायची. रक्तातच आहे ते."

"रक्तात थोडं आहे, बाबा, खरं आहे. पण त्याच रक्ताचे तुम्ही. तुमचा कोट खुंटीला अडकवला तर आत तुम्ही आहात की नाही ते कळत नाही."

"मी दिवसभर पळतो म्हणून."

"आणि आत्या दिवसभर काय करते?"

थोरल्यांची नजर दाराबाहेरच्या पाटीकडे वळली. आत्या काय करते, हे तर पाटीवरच लिहिले होते.

नाटकघराच्या मालकिणीने एव्हाना लाकडाच्या ओंडक्यावर छान बैठक मारली होती. "चालू द्या, चालू द्या," ती म्हणाली. "मध्यंतर झालं की सांगा."

"बसून काम, हे झालं एक," पुतणी म्हणाली. "शिवाय तिची खोली करवतीच्या बरोब्बर वर. तुम्ही उजाडायच्या आत करवत सुरू करता. तिची झोप कधी पुरी झालीय? झोप कमी पडली की भूक वेडीवाकडी लागते. त्यात तिच्या दम्याच्या गोळ्या. त्यांनीही अंग धरतं. त्या तिच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून आम्ही बदलून घेतल्या. आता सकाळी ती काकूबरोबर दोरे आणायला जाते ना, तेव्हा..."

"तरीच!" भोंगा म्हणाला. "मी म्हटलं, रोज एवढा दोरा लागतो कशाला! घराला गुंडाळायचंय की काय!"

"म्हणजे माझ्या बटाट्यांचा दोष नाही," मोठ्या वहिनीने निकाल लावला आणि डाव पुन्हा उंच धरला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? करवत दोषी आहे. करवत कुणाची? यांची!"

"आई, बटाट्यांचाही आहे. फक्त त्यांचा एकट्यांचा नाही."

"तुला काय कळतंय? तू डॉक्टर आहेस, स्वयंपाकीण नाहीस." एवढे बोलून ती तरातरा आत्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. घटकेपूर्वी ज्या नणंदेवर ती रुसली होती, तिच्याच खांद्यावर हात ठेवून ती नवऱ्याकडे डोळे वटारून पाहू लागली. थोरले एकटे पडले. त्यांनी आधारासाठी भोंग्याकडे पाहिले. पण भोंगा स्वतःचे पोट दोन्ही हातांनी चाचपून बघण्यात गुंतला होता.

"आणि एक राहिलंच," आत्या हळूच म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "हे गेले, त्यानंतर... पोटात रिकामं रिकामं वाटायचं. भूक असेल म्हणून मी खायचे. ती भूक नव्हती. पण दोन्ही लागतात सारखीच, कसं कळणार?"

मोठ्या वहिनीने तिचा खांदा थोपटला.

"पण मग मी का वाढलो?" भोंग्याला राहवेना. "मला तर कसलंच दुःख नाही!"

"तुम्हाला कसलंच दुःख नाही, हीच तर सगळ्यांना काळजी आहे," त्याची बायको म्हणाली.

मालकीण ओंडक्यावरून पडता पडता वाचली. पण भोंग्याचे डोके एकदा चालू झाले की त्याला ब्रेक नसे. त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि वाईट हेतूने मुळीच नाही :

"ते सगळं ठीक आहे. पण मग आता आत्या करणार काय?"

आत्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. वर्षभर ती ज्याला भीत आली होती तो प्रश्न असा, भर कारखान्यात, भोंग्याच्या आवाजात येईल असे तिला वाटले नव्हते. धाकटी वहिनी नवऱ्याला चिमटा काढायला सरसावली. थोरले केसांतला भुसा झटकू लागले. त्यांना उत्तर द्यायचे होते, पण आयुष्यभर ते खुर्च्यांशीच बोलत आले होते आणि माणसांशी बोलताना त्यांना शब्द शोधावे लागत.

तेवढ्यात मालकीण उठली. "तुमचं घरगुती नंतर. मला खुर्ची बघायचीय. आत्याबाई, तुम्ही उठा जरा. आणि तुम्ही," ती भोंग्याला म्हणाली, "तुम्ही बसा. घरातलं जड माणूस आता तुम्हीच ना?"

भोंग्याची छाती फुगली. पणजोबा, आजी, चुलतआजोबा, आत्या आणि आता तो! त्याने शर्ट खाली ओढला, सगळ्यांकडे एकदा बघितले आणि धपकन बसला. खुर्चीने हूं की चूं केले नाही. तो रेलला, डुलला. खुर्ची पहाडासारखी उभी.

"टिकली!" थोरले आनंदाने ओरडले. मोठ्या वहिनीने डाव पत्र्याच्या डब्यावर वाजवला.

"छान," मालकीण म्हणाली. "आता उठा."

भोंगा उठला. त्याच्याबरोबर खुर्चीही उठली.

तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. खुर्ची बायकोपेक्षाही निष्ठेने त्याच्याबरोबर होती. थोरल्यांनी खुर्चीची पाठ धरली, पुतणीने काकाचे हात धरले, धाकट्या वहिनीने मध्ये साबण लावायची सूचना केली. "ओढा! नको ओढू! अरे, माझं हाड रुंद आहे!" भोंगा बोंबलत होता. समोरचा घड्याळजी आता दुकान बंद करून दारातच येऊन उभा राहिला होता. मालकीण इतकी हसली, की हसताना डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पुसता पुसता ती एकदम गंभीर झाली.

"मी हेच बघायला आले होते," ती म्हणाली. "आमच्या जुन्या खुर्च्या कधी मोडल्या नाहीत. मजबूत होत्या मेल्या! पण माझ्या अंगाची माणसं पहिल्या अंकाला यायची आणि दुसऱ्या अंकाला दिसायची नाहीत. तिकीट काढून तासभर चिमटे कोण काढून घेईल? मी स्वतः मालकीण असून उभ्यानं नाटक बघते." मग ती आत्याकडे वळली. "आत्याबाई, तुम्ही एवढी वर्षं बसलात. तुम्हाला नाही टोचलं कधी?"

"टोचलं की!" आत्या म्हणाली. "दोन्ही बाजूंना काळंनिळं होतं. हात फार आत आलेत, पुढची कड मांडीत रुतते, आणि खुर्चीची पाठ जिथं सुरू होते तिथं माझी पाठ नसतेच मुळी. उठताना कशाला धरावं, तर धरायला काही नाही."

थोरले आ वासून बघत राहिले. "मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस!"

"विचारलंस कधी, दादा? मी बसले की तुम्ही सगळे वाकून खुर्चीकडे बघायचात. टिकली का? टिकली! टाळ्या वाजवायचात आणि जायचात. मला कुणी विचारलंच नाही, बसवतंय का म्हणून."

थोरल्यांनी कानावरची पेन्सिल काढली. ती बोटांत फिरवली. पुन्हा कानावर ठेवली.

"वरची खोली..." आत्या खाली बघत म्हणाली, "तिच्यात कापूस भरणार असाल तर..."

"कसला कापूस? कोण भरतंय?" थोरले एकदम चिडलेच. "अगं, तू पेटी घेऊन आलीस तेव्हा कशी होतीस आठवतंय? फुंकर मारली तर उडशील अशी. मी दार लावून घेतलं होतं, वारा सुटला होता म्हणून! तेव्हा कसोटीला चुलतआजोबा बसत होते. खोली मी तुला तेव्हाच दिली. बसण्याबद्दल दिली होती का? वेडी कुठली!" आवाज सावरायला त्यांनी बिजागऱ्यांना एक लाथ मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचू लागले. नाचता नाचताच त्यांनी जवळचे स्टूल तिच्याकडे सरकवले. "आता बस इथं, आणि नीट सांग. खुर्ची कशी हवी? पहिल्यापासून सांग. मी काढून घेतो."

आत्याने स्टुलाकडे पाहिले. मग तिने कोटाची बटणे काढली आणि तो रिकामा कोट स्टुलावर बसवला.

"सांगते की," ती म्हणाली. "पण बस म्हणू नकोस. बसून खूप झालं. चालता चालता सांगेन."

आणि ती खरेच निघाली. दारातून, घड्याळजीला बाजूला सारून, सरळ रस्त्यावर. "हात आधी बाहेर घ्या, चांगली चार बोटं!" असे तिचे शब्द वळणावरून ऐकू आले, तेव्हा थोरल्यांना कळले, की काम सुरू झाले आहे. ते फळीचा तुकडा आणि पेन्सिल घेऊन लंगडत धावले. त्यांच्यामागे मालकीण, "कड गोल करायला सांगा, कड!" असे म्हणत. तिच्यामागे पुतणी, धाकटी वहिनी, आणि "रिकाम्या पोटी कुठं निघालात?" असे ओरडत डावासकट मोठी वहिनी. सगळ्यांत शेवटी भोंगा. लाल खुर्ची पाठीमागे घेऊन, गोगलगायीसारखा. कोपऱ्याकोपऱ्यावर तो थांबून बसत होता. त्या अख्ख्या मिरवणुकीत तेवढी त्या एकट्याचीच सोय होती.

बागेच्या कठड्यापर्यंत येईतो थोरल्यांची फळी दोन्ही बाजूंनी भरली होती आणि ते भात्यासारखे फुसफुसत होते. दिवसभर कारखान्यात पळणे वेगळे आणि आत्याच्या पावलाला पाऊल लावणे वेगळे.

"अगं आत्या," ते कळवळून म्हणाले, "जरा कुठं तरी बसूया का?"

"तू बस, दादा," आत्या म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, श्वास थोडा चढला होता आणि ती हसत होती. "भोंगा खुर्ची घेऊन येतोच आहे मागनं. मी होते पुढं."